राजाच्या कमरेचं घड्याळ

कामचुकार माणूस आणि काम करणारा माणूस यांच्यातला फरक मी शंभर पावलांवरून ओळखतो! अख्ख्या म्हैसुरात ही नजर माझ्याशिवाय कुणाला नाही. हे मी गर्वानं सांगत नाही, सवयीनं सांगतो. जन्मभर मी एका कानडी वर्तमानपत्रात पालिकेची टिंगल करणारं सदर लिहिलं. टोमणे सुचायचे घरच्या मराठीत, छापून यायचे कानडीत. गटार तुंबलं की माझी लेखणी वाहायला लागायची. मी निवृत्त झालो त्या दिवशी पालिकेत म्हैसूरपाक वाटला म्हणतात.

पण पालिका विसरत नाही. तिनं सूड उगवला. मला आमच्या वॉर्डाचा मानद नागरिक-निरीक्षक नेमलं! पगार शून्य, अधिकार शून्य, जबाबदारी मात्र पूर्ण. मी लगेच हो म्हटलं.

योजना समजावून द्यायला जयतीर्थ घरी आला. हा पालिकेच्या नियंत्रण-कक्षातला तरुण इंजिनीयर. आपल्यातलाच, म्हणजे घरी मराठी बोलणारा. फक्त आकडे इंग्रजीत मोजतो आणि रागावतो कानडीत.

"काका, झाडूवाल्यांच्या, कचरागाडीवाल्यांच्या, सगळ्यांच्या हातात एकेक घड्याळ बांधलंय," तो म्हणाला. "आमच्या पडद्यावर शहराचा नकाशा. त्यावर प्रत्येक घड्याळाचा एक ठिपका. माणूस चालतोय तोवर ठिपका हिरवा. थांबला की लाल."

"आणि थांबून नीट कोपरा झाडत असेल तर?"

"तरी लालच. यंत्राला झाडू दिसत नाही, काका. हात कुठे आहे तेवढं दिसतं."

"आणि नुसताच हात हलवत हिंडला तर?"

"हिरवा."

मी त्याच्याकडे आदरानं पाहिलं. इतका चांगला विनोद मला सदरात कधी जमला नव्हता.

मग त्यानं खिशातून एक जाडजूड काळं घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं.

"हे कुणाचं?"

"तुमचं. निरीक्षकाचंही निरीक्षण असतं."

आता चिदंबरबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट त्याची आहे. चिदंबर म्हणजे आमच्या वॉर्डातल्या सफाईवाल्यांचा मुकादम. इथे मेस्त्री म्हणतात. केस पिकले तरी नोकरी टेंपररीच. दरवर्षी 'यंदा कायम करू' आणि दरवर्षी यंदाचं पुढच्या वर्षी! या खेपेला मात्र वरून हुकूम निघाला होता: दसऱ्याच्या आठवड्यात ज्या वॉर्डाचे गुण सगळ्यांत जास्त, त्या वॉर्डाचा मेस्त्री कायम. घरी थोरल्या मुलीचं लग्न ठरत आलेलं. मुलाकडच्यांचा एकच प्रश्न: वडील कायम की टेंपररी?

"सार," चिदंबर हात जोडून म्हणाला, "लाल तेवढं होऊ देऊ नका."

"अरे, आमचं घराणं रंगाऱ्यांचं!" मी म्हणालो. "माझ्या आजोबांनी निम्म्या म्हैसूरची लुगडी रंगवली. कुठे कुठला रंग द्यायचा, हे आमच्या रक्तात आहे. तू निश्चिंत राहा!"

त्या क्षणी तो निश्चिंत राहिला, हीच त्याची चूक.

आठवडा झकास गेला. नवमीच्या आदल्या दिवशी आमचा वॉर्ड सगळ्यांच्या पुढे होता. आणि मग आली नवमी, म्हणजे आयुधपूजा.

आयुधपूजा म्हणजे म्हैसुरात ज्याचं जे हत्यार, त्याची पूजा. ऑटोवाला ऑटोला केळीचे खुंट बांधतो, शिंपी कात्रीला गंध लावतो, आणि प्रत्येक चाकासमोर कुंकू भरलेला कोहळा आपटून फोडतात. तो रस्ताभर झालेला लाल चिखल सफाईवाले काढतात. म्हणजे सगळ्या गावाची हत्यारं ज्या दिवशी विसावतात, त्या दिवशी यांच्या झाडूला दुप्पट काम! मला ते बघवेना. मी जाहीर केलं की यंदा वॉर्डाच्या सगळ्या आयुधांची पूजा माझ्या घरी.

सकाळी सगळी मंडळी आली. ओसरीत जुने झाडू मांडले, फावडी मांडली, फाटकात ढकलगाडी उभी केली. कामासाठी नवे झाडू बाजूला ठेवले होते. मी आजोबांचे लाकडी ठसे आणि माझं पेन पाटावर ठेवलं. गंध, फुलं, कुंकू. सगळं यथासांग. आणि तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या मनगटांकडे गेलं.

"चिदंबर, घड्याळं?"

"काय सार?"

"अरे, या यंत्रावर तुमची नोकरी! याच्याइतकं मोठं आयुध दुसरं कुठलं? काढा सगळ्यांनी!"

चिदंबर चाचरला. "पण काढून ठेवली तर लाल होतील ना, सार? पूजा झाली की लगेच घालू."

"आमच्या घरात पाटावर ठेवलेलं आयुध संध्याकाळच्या आरतीआधी उचलत नाहीत. आजोबांनी रंगाची कढई नवमीला कधी हलवली नाही! तुम्ही बिनघड्याळाचे कामाला जा. जयतीर्थाला मी फोन करून सांगतो, आजचा दिवस धरू नकोस म्हणून."

मी फोन केला. कुणी उचलला नाही. मागाहून कळलं, तिथे मोठ्या कंप्यूटरला झेंडूची माळ घालून सगळे चुरमुऱ्यांच्या प्रसादाच्या रांगेत उभे होते. पण फोन उचलला नाही म्हणजे हरकत नाही, असा शुद्ध सरकारी अर्थ मी काढला आणि घड्याळं गोळा केली. चांदीच्या ताटात ती नीट रचली, वर कुंकू-फुलं वाहिली, आणि ओसरीत वर्दळ नको म्हणून ताट आत बाहुल्यांच्या पायऱ्यांपुढे ठेवलं.

नवरात्रात आमच्याकडे बाहुल्या मांडतात. सगळ्यात वरच्या पायरीवर लाकडी राजा-राणी, खाली दरबार, त्याखाली दुकान थाटून बसलेले शेट्टी आणि शेट्टाणी. राजाच्या जरीच्या शेल्याची गाठ यंदा सारखी सुटत होती. मी माझं घड्याळ काढून त्याच्या कमरेला आवळलं. पूजाही झाली आणि शेलाही बसला! मग चिदंबरच्या लोकांबरोबर फेरीला निघालो.

काय झाडलाय वॉर्ड त्या दिवशी! कोहळ्याची बी दिसेना. मी प्रत्येक कोपऱ्यावर थांबून म्हणायचो, "शाब्बास!" आणि लोक मला पाणी द्यायचे. दुपारी घरी आलो तो एखादी लढाई जिंकून आल्यासारखा.

दारातच जमुना उभी. जमुना म्हणजे आमच्या सौभाग्यवती. चेहऱ्यावर हसू. मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. म्हणजे ते हसू माझ्यासाठीच होतं!

"अहो," ती म्हणाली, "इतकी वर्षं संसार केला, पण आज पहिल्यांदा वाटलं की तुम्हाला कळतं."

"काय कळतं?"

"पुरे झालं. मी म्हणत होते ना, यंदा बायकांना तांबुलात तेच ते ब्लाऊजपीस नको, काहीतरी नवीन आणा. तुम्ही म्हणालात, माझ्यावर सोड. मला वाटलं, विसरलात! आणि गुपचूप आणून, कुंकू लावून, फुलं वाहून ताट तयार ठेवलंत!"

चप्पल काढता काढता मी एका पायावर थांबलो.

"कुठलं ताट?"

"घड्याळांचं हो! गोकुलमला योगा शिकायला येणारे ते परदेशी लोक हातात घालतात ना, पावलं मोजायची, तसलीच! बायका किती खूष झाल्या म्हणून सांगू! भागीरथीबाईंनी तर इथेच बांधलं. समोरच्या सीतालक्ष्मीनं विचारलं, कितीला पडलं? मी म्हटलं, यांनी आणलंय, किंमत काय विचारतेस!"

संध्याकाळी सगळं गाव रोषणाई बघायला जातं, म्हणून आमच्या गल्लीतल्या बायका नवमीला सकाळीच बाहुल्या बघायला येतात. हे मला ठाऊक होतं. आणि तांबूल म्हणजे पान-सुपारी, नारळ आणि वर एक भेटवस्तू, हेही ठाऊक होतं. मी आत धावलो. ताट रिकामं. राजाच्या कमरेचं तेवढं शिल्लक.

खरं सांगायला मी तोंड उघडलं. पण तिच्या चेहऱ्यावरचं ते हसू! मी तोंड मिटलं.

इतक्यात फोन वाजला. जयतीर्थ!

"काका, आमच्या कंप्यूटरची पूजा आत्ता झाली. पडदा लावला, तर तुमच्या वॉर्डात काय चाललंय हो? सकाळी सगळे ठिपके तुमच्या घरात गोळा! मग फुटल्यासारखे चारी दिशांना!"

"व्यूहरचना," मी म्हणालो.

"मादम्मा नावाची कामगार या क्षणी रेशमी साड्यांच्या दुकानात आहे. दुसऱ्या मजल्यावर."

"सणाची गर्दी रे. कचरा तिथेच जास्त."

"दुसरी कामगार सिनेमाच्या थिएटरात आहे. तासभर झाला, लाल!"

"मध्यंतराची वाट बघत असेल. चुरमुरे सांडतात तेव्हाच ना झाडायचं."

"आणि हा शिवण्णा? हा नंजनगूडच्या वाटेवर आहे, काका! बसच्या वेगानं!"

इथे मात्र मी एक श्वास घेतला. "अभ्यासदौरा," मी म्हणालो. "तिथलं देवळाजवळचं कचऱ्याचं काम बघायला मीच पाठवलं."

पलीकडे तो कानडीत काहीतरी पुटपुटला. म्हणजे रागावला होता.

फोन ठेवतो तोच फाटकात चिदंबर. "सार, आरतीला वेळ आहे, पण म्हटलं घड्याळं नीट आहेत ना बघावं."

"अगदी नीट आहेत," मी म्हणालो. "फक्त इथे नाहीत."

त्याला सगळं सांगितलं. तो ओसरीच्या पायरीवर, जुन्या झाडूंच्या शेजारी बसला. रडला नाही, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "अय्यो सार, मुलाकडचे परवा येणार आहेत." त्यानं ओरडायला हवं होतं. मला बरं वाटलं असतं.

"ऊठ!" मी म्हणालो. "वॉर्डातला कचरा गोळा होतो, तर घड्याळं नाही होणार? ऑटो बोलाव!"

पहिली धाड भागीरथीबाईंकडे. त्यांच्या मनगटावर बांगड्याच.

"घड्याळ? ते मी देऊन टाकलं," त्या म्हणाल्या.

"इथेच बांधलं होतं ना तुम्ही?"

"बांधलं होतं. पण घरी आले तर माझ्याकडे आठ-दहा जणी बसलेल्या. काय द्यायचं मग? तुमच्याकडचं ताजं होतं, दिलं."

आणि माझ्या लक्षात आलं की आपण केवढ्या खड्ड्यात आहोत. आमच्या म्हैसुरात तांबुलात आलेला ब्लाऊजपीस कधी कुणी शिवत नाही, हो! तो फिरतो. या घरातून त्या घरात, वर्षानुवर्षं, घडी न मोडता. आमच्या कपाटातला एक मोरपंखी तुकडा चार वेळा घरातून गेला आणि पाच वेळा आला. हाच नियम घड्याळांना लागला होता! सकाळी आमच्याकडून निघालेलं घड्याळ दुपारपर्यंत तिसऱ्या घरी पोहोचलं होतं, आणि ती तिसरी बाई चौथीकडे बाहुल्या बघायला निघाली होती.

आम्ही ऑटोतून मागे, घड्याळं पुढे. एका घरी म्हणायचे आत्ताच गेली. दुसऱ्या घरी आम्हालाच पाहुणे समजून बाहुल्यांपुढे बसवलं आणि उसळ दिली. चिदंबरनं खाल्ली नाही. मी त्याची पण खाल्ली. एखाद्या सुवासिनीचं मन कसं मोडायचं?

शेवटी संगीताच्या शिक्षिका कृष्णवेणी घड्याळासकट सापडल्या. सापडल्या म्हणजे अंगणात फेऱ्या मारत होत्या.

"बाई, ते घड्याळ परत मिळेल का?" मी विचारलं.

त्या जागच्या जागी थबकल्या. "तांबुलात दिलेलं परत मागता? नवमीच्या दिवशी? गोपाळराव, तुम्हाला काही वाटतं का?"

"बदल्यात दुसरं काही देतो." मी पिशवीतून माझ्या विनोदी लेखांचा संग्रह काढला. पिशवीत दोन-चार प्रती नेहमी असतात. कुणी मागितल्या तर असाव्यात. अजून कुणी मागितलेल्या नाहीत.

त्यांनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. मग मनगटावरचं घड्याळ सोडलं, माझ्या हातावर ठेवलं आणि वर पुस्तकही ठेवलं. "दोन्ही न्या," त्या म्हणाल्या.

एवढी एकच कमाई! बाकीची घड्याळं गावभर हुंदडत होती. रात्रीची रोषणाई लागली तेव्हा आम्ही राजवाड्याच्या बाजूच्या गर्दीत उभे होतो. एकेक बाई मनगटावर काळा पट्टा मिरवत समोरून जात होती आणि गर्दीत नाहीशी होत होती.

"सार," चिदंबर म्हणाला, "घरी जाऊ या."

सीमोल्लंघनाचा दिवस मी अंथरुणात काढला. पिंढऱ्या दगड झाल्या होत्या. घड्याळं मात्र त्या दिवसापासून आपोआप परत यायला लागली. नियमच तसा! जमुना ज्या ज्या घरी बाहुल्या बघायला गेली, तिथून तांबुलात एकेक घड्याळ घेऊन आली. "काय बाई लोक," ती म्हणाली, "मी दिलेलंच मला देतात!" चिदंबर मागच्या दारानं ती नेत राहिला.

आणि त्यानंतरच्या सकाळी जयतीर्थ आला. मी त्याला ओसरीत बसवलं, कॉफी दिली आणि फाशीची तारीख ऐकायला बसल्यासारखा बसलो.

त्यानं खिशातून एक काळं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"काका, नवमीच्या रात्री घरी बसून नकाशा बघत होतो. तुमच्या वॉर्डाचा एक कामगार आमच्या स्वयंपाकघरात होता. मी उठून गेलो. तिथे आई पोळ्या लाटत होती."

मी त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"मग मी स्कूटर काढून तुमचा सगळा वॉर्ड फिरलो," तो म्हणाला. "कोहळ्याची एक फोड दिसली नाही. तसा वॉर्ड मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही."

"मग?"

"मग काय? गुण मी देत नाही, यंत्र देतं. यंत्र म्हणतं, नवमीला सगळ्यात जास्त अंतर तुमच्या वॉर्डानं कापलं. सगळ्यात जास्त गल्ल्यांत तुमचे लोक गेले. नकाशात नाहीत अशा बोळांतसुद्धा! एकानं तर हद्द ओलांडून नंजनगूडपर्यंत सेवा दिली. तुमचा वॉर्ड पहिला! चिदंबरच्या कागदावर आज सही झाली."

मी उडी मारणार होतो. पिंढऱ्यांनी नकार दिला.

"एकच अडचण आहे," जयतीर्थ म्हणाला.

"कसली?"

"तुमची. निरीक्षकाचंही निरीक्षण असतं. नवमीला सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्ही जागचे हललाच नाहीत, काका. अख्ख्या शहरात सगळ्यात लाल ठिपका तुमचा!"

मी ताडकन सरळ बसलो. मी? हललो नाही? सकाळी पायी फेरी, दुपारी ऑटो, संध्याकाळी रोषणाईच्या गर्दीत धक्के! त्या दिवशी माझ्याइतकं म्हैसुरात कुणी हिंडलं असेल तर ती फक्त ती घड्याळं! माझं घड्याळ माझ्या हातातच नव्हतं, हे सांगायला मी तोंड उघडलं.

आणि फाटकात चिदंबर दिसला. अंगावर इस्त्रीचा सदरा, हातात म्हैसूरपाकाचा डबा. माझं घड्याळ हातात नव्हतं म्हटलं, की पुढचा प्रश्न आलाच: मग इतरांची कुणाच्या हातात होती? जयतीर्थाला उत्तर ठाऊक होतं. पण ते कागदावर लिहून मागणारे वर आणखी होते.

मी तोंड मिटलं. दोन दिवसांत दुसऱ्यांदा. जन्मभर सदर लिहिणाऱ्या माणसाला हे सोपं नसतं.

"वय झालं रे," मी म्हणालो. "नाही होत हालचाल."

जयतीर्थानं आत पाहिलं. वरच्या पायरीवर राजा उभा होता, कमरेला काळं घड्याळ आवळून. मग जयतीर्थानं उरलेली कॉफी एका घोटात संपवली.

"नियमाप्रमाणे तुम्हाला कमी करावं लागेल, काका. आणि घड्याळ परत लागेल."

"घेऊन जा," मी म्हणालो. आत जाऊन राजाच्या कमरेचं घड्याळ सोडलं. त्याबरोबर शेला सुटून पायाशी पडला. राणीनं नेहमीप्रमाणे समोरच पाहिलं.

चिदंबरनं डबा उघडून पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. "सार, तुमच्यामुळे झालं!" हे त्यानं इतकं मनापासून म्हटलं की मला ते बरोबरच वाटायला लागलं. अजूनही वाटतं. पालिकेच्या इतिहासात असा निकाल दुसऱ्या कुठल्या निरीक्षकानं आणून दाखवलाय?

जयतीर्थ फाटकापर्यंत गेला आणि जमुना स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं 'हललाच नाहीत' तेवढंच ऐकलं होतं.

"दिवसभर एका जागी!" ती म्हणाली. "पालिकेलासुद्धा दिसलं शेवटी! मी किती वर्षं सांगतेय, जरा चालत जा, जरा चालत जा!"